अकरा फरशा

अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला तेव्हा
मालकानं माग भंगारात काढले.
कुत्रा कुणी विचारला नाही.
दोन वर्षं साखळीला, वासराएवढा.
माझे सतराशे रुपये हिशेबात राहिले होते,
मालक म्हणाला, याला घेऊन जा.

टायगर म्हटलं की अंग चोरायचा.
त्या नावामागून नेहमी काहीतरी यायचं,
दांडकं, बादलीभर पाणी, बूट.
म्हणून आधी नाव काढून टाकलं.
साखळीच्या या टोकाहून त्या टोकाला सारखा जायचा,
धोटा ठेवलं.

पहिल्याच महिन्यात धोट्यानं
मीटर बघायला आलेल्याची पँट फाडली,
आणि आमच्या साडूचं मनगट.
सहा टाके. इंजेक्शनं माझ्या खर्चानं.
विडी घरकुलातली सगळी गल्ली म्हणाली,
शेळगीच्या पलीकडे सोडून ये.
नागमणी सुपात पानं कातरत होती.
"मागं सरायला जागा नसली की पुढं येतंय ते,
एवढंच आहे त्याचं,"
आणि पुन्हा कात्री.

मला कमी ऐकू येतं.
एकतीस वर्षं मागावर, कान तिथंच राहिले.
लोक म्हणतात, बरंय, तुला भुंकणं त्रास देत नाही.
पण गुरगुर येते.
शहाबादी फरशीवर तळवा टेकला की
खाली कुठंतरी मोटर सुरू झाल्यासारखी.
तिच्याही आधी बरंच येतं:
गच्च मिटलेलं तोंड,
डोळ्याच्या कडेला पांढरी कोर,
थिजलेलं शेपूट.
तुटलेल्या सुताला गाठ कुणीही मारतं.
जॉबरला ताण आधी दिसायला पाहिजे.

जाळी शिकवायलाच महिना गेला.
तिच्यात दूध-भाकरी कालवून पुढं धरायची,
वाटी धरावी तशी, बांधायची नाही.
एक दिवस त्यानंच तोंड घातलं आत.

दारापासून रस्त्यापर्यंत अकरा फरशा.
इलाही गॅसवाला अकराव्या फरशीवर बसायचा,
दर गुरुवारी, ऊन चढायच्या आत,
आमच्याकडे पाठ करून.
सिलेंडर कोपऱ्यावरच, आवाज न करता उभा केलेला.
खिशातून उकडलेल्या काळजाचा तुकडा
न बघता मागं टाकायचा.
"मामा, तेवढंच बसायला मिळतं," म्हणायचा.

दहा. नऊ. नऊ. नऊ.
थंडीत सात.
मग गड्ड्याचं दारूकाम झालं, आभाळ फुटलं,
धोटा दोन दिवस हौदामागून निघाला नाही.
पुढच्या गुरुवारी अकराही कमी पडल्या.
इलाही रस्त्यापलीकडं, पानटपरीला टेकून,
तुकडे वर्तमानपत्रात तसेच.

एकदा घाई मीच केली.
साडूला म्हणालो, ये, हात लाव, काही करत नाही तो.
जाळी होती म्हणून निभावलं.
ते वाक्य आता मी कुणाला सांगत नाही.
करतो. तुम्ही तिथंच थांबा.

आज तीन.
इलाहीची खाकी पाठ घामानं भिजलेली.
धोटा मान लांब करून आला,
शर्टाला नाक न टेकवता
तीनदा वास घेतला, मी मोजले,
आणि मागं सरला. जागा होती मागं.
मग बसला. मग आडवा झाला,
रस्त्याकडं पाठ, इलाहीकडं पाठ.

"काय करतंय?" इलाहीचे ओठ हलले.
बघू नको, मी हातानंच सांगितलं.
फरशीवर तळवा टेकला.
गार फरशी, दुसरं काही नाही.

कोपऱ्यावर काहीतरी पडलं असावं.
मला नाही ऐकू आलं.
त्याचा एक कान तिकडं वळला,
थांबला,
परत आला.